भुरीचे थेंब

१० ऑक्टोबर

ब्रँडी! लेबल दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. गुंजननं नागपूरहून पाठवलेली तपकिरी बाटली – घाबरट कुत्र्यांसाठी फुलांचा नैसर्गिक अर्क. फुलं किती आहेत ते कळायला मार्ग नाही, पण अर्क टिकावा म्हणून ब्रँडी मात्र आहे. दारूबंदीसाठी पवनीच्या चौकात उपोषणाला बसलेली बाई मी, आणि माझ्या पोटची पोर मला कुत्रीला पाजायला हे पाठवते.

जागेश्वर म्हणाला, "मंग मले दे. मले बी दिवाळीत फटाक्याचं भेव लागते."

नवरा म्हणून तो चांगला आहे, पण गंभीर प्रसंगी उपयोगाचा नाही.

कृतीचा कागद वाचला. फुलं पाण्यावर तरंगत ठेवायची, उन्हात. मग फुलं काढून टाकायची आणि ते पाणी पातळ करत करत जायचं. म्हणजे शेवटी उरतं काय? इतकी वर्षं मी गावोगाव ओरडून सांगते आहे की मंतरलेल्या पाण्यानं काही होत नाही. हे तेच पाणी, फक्त छापील लेबल लावून आलेलं. गुंजनला फोनवर हेच सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला भाषण नको देऊ. मागच्या दिवाळीत तिला पाहिलंस ना?"

पाहिलं होतं. म्हणून तर बाटली फेकली नाही.

११ ऑक्टोबर

भुरी मूळची सोमाजीची, म्हणजे माझ्या धाकट्या दिराची. कोंढ्याच्या शेतावर राखणीला होती. रानडुकरं धानात शिरली की तिथं सुतळी बॉम्ब फोडतात. तिनं दोरी तोडली आणि पळाली. नदीच्या काठावर झुडपात सापडली तेव्हा पंजे सोललेले होते. जागेश्वर तिला गाडीवर पुढ्यात घेऊन घरी आला, ती कायमचीच. सोमाजी तेव्हा म्हणाला, "न्या. राखणीले कामाची नाई ते."

आता कुकरची शिट्टी झाली तरी ती धानाच्या ढोलीमागे जाते. फटाक्यांच्या दिवसात तर अंगावरचं कातडं लाटांसारखं हलत राहतं. खाणं बंद, लघवी जागेवर. मागच्या दिवाळीत बरगड्या मोजता आल्या असत्या. डॉक्टर झोपेच्या गोळ्या देतात. त्यानं ती पडून राहते, पण डोळे उघडे असतात. ते डोळे मला सहन होत नाहीत.

१२ ऑक्टोबर

दिले थेंब. कोणाला सांगणार नाही.

ढोलीमागे हात पुरत नाही, म्हणून फरशीवर बसावं लागलं. तळहातावर थेंब घेतले, हात पुढे धरला आणि थांबले. किती वेळ! दुसऱ्यांची भाषणं सोडली तर इतका वेळ गप्प बसल्याचं मला आठवत नाही. शेवटी तिनं नाक पुढे केलं. चाटलं. जीभ गरम होती.

१५ ऑक्टोबर

सकाळ-संध्याकाळ थेंब चालू. जागेश्वर म्हणतो फरक आहे. मी म्हणते फरक तुझ्या डोळ्यांत आहे. कुकरला ती अजून पळतेच. पण परत लवकर येते, हे मान्य करायला हवं.

पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला कोंढ्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, माझं भाषण आहे. दंडारीचा नाचगाण्याचा खेळ संपला आणि नाटकाचा पडदा वर जायचा असला की मधल्या वेळात लोक ऐकतात. विषय नेहमीचा – बुवाबाजी. आज अंगणात तयारीला उभी राहिले. पहिल्या दोन वाक्यांतच भुरी ढोलीमागे.

जागेश्वर: "फटाक्याचंच भेव नाई तिले. तुह्या आवाजाचं बी आहे."

आत येऊन पोळ्या लाटल्या.

१६ ऑक्टोबर

तयारी गच्चीवर केली. तरी आवाज खाली गेलाच.

२० ऑक्टोबर



संध्याकाळी पूजेच्या गडबडीत दार उघडं राहिलं. भुरी बाहेर गेली आणि ओट्याच्या पायरीखाली जी पोकळी आहे तिच्यात जाऊन बसली. आम्ही घरभर शोधत होतो. गल्लीतल्या पोट्ट्यांना तिथं कुत्री आहे हे माहीत नव्हतं. पोकळीत आवाज मोठा घुमतो म्हणून त्यांनी सुतळी बॉम्ब आत सरकवला.

ओटा हादरला. मी धावले. धुरात, पायरीखाली तिची शेपटी दिसली, पण ती बाहेर आली नाही. जागेश्वरनं पोटावर झोपून, हात घालून तिला ओढून काढलं. रक्त नाही, भाजलं नाही, पायही सरळ. नुसती बघत होती. मी गल्लीत उभी राहून पोरांना आणि त्यांच्या बापांना जे बोलले ते आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण असेल. फटाक्यांत कोणालाही ऐकू गेलं नाही.

जनावरांच्या दवाखान्याला दिवाळीची सुट्टी. डॉक्टरांना फोन केला. "जखम नाही ना? मग शांत ठेवा, दोन दिवसांत येईल ताळ्यावर." जागेश्वर तिला मांडीवर घेऊन बसला आहे. लक्ष्मीपूजन तसंच राहिलं. मला त्याचं काही नाही, पण त्यालाही आठवण झाली नाही.

२१ ऑक्टोबर

खात नाही. थेंब मात्र चाटले.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

हे नीट लिहून ठेवायला हवं.

दुपारी भुरी स्वतःहून ढोलीमागून आली. अंगणात गेली. समोरच्या घरी भाऊ आला म्हणून हजाराची लड लावली होती. आम्ही दोघं दारात, तिला उचलायच्या तयारीत. लड फुटत राहिली आणि भुरी अंगणात बसून भात खात राहिली. ताट चाटून पुसून ठेवलं. मग आमच्याकडे बघून शेपटी हलवली.

जागेश्वरचे डोळे भरून आले. "फुलांचा गुण," म्हणाला. मी तिचं रिकामं ताट उचललं.

मधूनमधून डोकं झटकते. तेवढंच.

२६ ऑक्टोबर

फुलांचा गुण म्हणे! गुण असेल तर तो सिद्ध झाला पाहिजे. मी स्वतःच्या घरात श्रद्धेनं काही मानलं, तर उद्या कोणत्या तोंडानं मंचावर उभी राहू?

प्रयोग असा. गुंजनच्या बाटलीसारखीच दुसरी बाटली आणली, तिच्यात माठातलं साधं पाणी भरलं. कोणती कोणती ते मला ठाऊक, जागेश्वरला नाही. आजपासून साधं पाणी. भुरी कशी वागते ते त्यानं सांगायचं.

तो म्हणाला, "बाप्पा, कुत्रीची बी परीक्षा."

२९ ऑक्टोबर

साध्या पाण्यावरही भुरी शांत! कुकर, ट्रॅक्टर, वरातीचा बँड – कशाचं काही नाही. जागेश्वरनं छातीठोकपणे सांगितलं की ही खरी बाटली. मी माठ दाखवला. तो माठाकडे पाहत राहिला, मग हसला. "मंग माठात बी फुलं पडले असन."

पण मला उत्तर सापडलं. फुलं हरली, तरी भुरी शांत आहे ना? मग काय बदललं? आम्ही बदललो. रोज दोन वेळा तिच्याजवळ खाली बसतो, गप्प राहतो, हात पुढे धरतो. औषध बाटलीत नव्हतं, बसण्यात होतं. हे वाक्य भाषणात घेणार.

मानीही झाली आहे आता. दुसऱ्या खोलीतून हाक मारली तर येत नाही. भय गेलं की गुलामी जाते. माणसाचंही तेच.

३१ ऑक्टोबर

आज अंगणात पूर्ण आवाजात तयारी केली. हात उगारून, जोत्यावर पाय आपटून. भुरी माझ्या पायाशी येऊन झोपली. माझ्या आवाजात झोपली! मी भाषण थांबवलं नाही, पण पुढचं अर्धं मला दिसतच नव्हतं.

जागेश्वरनं काचेच्या वाटीत पारिजातकाची फुलं तरंगत ठेवून वाटी उन्हात ठेवली आहे. गुंजनची बाटली संपत आली म्हणून. मी म्हटलं, सिद्ध झालं ना की गुण नाही? म्हणाला, "गुण नसन, वास तं आहे. तिले त्या वासाची सवय झाली." ठेव म्हटलं.

३ नोव्हेंबर

कोंढ्याहून आत्ता आलो. झोप लागणार नाही.

मैदान भरलं होतं. मी भुरीची गोष्ट सांगितली. बाटली, ब्रँडी, माठ – लोक हसून हसून लोळले. मग आवाज खाली आणला आणि म्हटलं, "मंतरलेलं पाणी नको, महागडं पाणी नको. भ्यालेल्या जिवाजवळ खाली बसा. एवढं केलं की भित्रीतली भित्री कुत्री बॉम्बासमोर भात खाते." पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. इतक्या टाळ्या मला गेल्या पाच वर्षांत मिळाल्या नाहीत.

टाळ्या थांबायच्या आत सोमाजी गर्दीत उभा राहिला. "वयनी, मंग माही कुत्री मले वापस द्या."

लोक हसले. तो हसत नव्हता. त्याचं दुसरं कुत्रं पोळ्याच्या सुमारास बिबट्यानं नेलं. धान कापून पुंजणं, म्हणजे पेंढ्यांची गंजी, रचलं की मळणी होईपर्यंत तो शेतात मचाणावर झोपतो, एकटा. "जागलीले कुत्रं पायजे. ते भुकलं तं माणूस जागा होते. तुमीच सांगता, ते आता कोणाले भेत नाई."

मंचावर मी, हातात माईक, समोर अख्खा गाव. "घेऊन जा, भाऊजी," म्हटलं. पुन्हा टाळ्या.

पवनीला पोचल्यावर जागेश्वर गाडी लावून थेट भुरीजवळ जाऊन बसला.

४ नोव्हेंबर

जागेश्वर: "मंचावर हो म्हणून आलीस. मले विचारलं काय?"

विचारलं नाही. म्हटलं, तुझ्याच भावाच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणाला, "भावाले काहून नाही म्हणू मी? पन भुरीले बिबट्यासमोर बांधायचं असन, तं ते टाळ्यांसाठी नोको बांधू." म्हटलं, कुत्र्याचं काम राखणीचं, भीती गेल्यावर तिला घरात कोंडून ठेवणं हाही अन्यायच. वाद मी जिंकले. स्वयंपाकघरात गेले तर तो भुरीच्या अंगावरचे गोचीड काढत बसला होता, हळू हळू, एकेक.

८ नोव्हेंबर

सोमाजी आज तिला घेऊन गेला. जागेश्वरनं पारिजातकाच्या पाण्याची बाटली सोबत दिली. "सकाळ-संध्याकाळ, तळहातावर. खाली बसून."

सोमाजी: "दादा, मी कुत्री नेऊन राहिलो का जावई?"

पण बाटली खिशात नीट ठेवली, छातीजवळच्या. गाडीवर ती त्याच्या पुढ्यात बसली आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत मागे आमच्याकडे पाहत होती. मी हाक मारली, मुद्दाम आनंदी आवाजात. कान हलले नाहीत. रागावली असणार.

१२ नोव्हेंबर

सोमाजीचा फोन. भुरी मजेत. डुकरांसाठी बॉम्ब फोडला तर "बसल्या जागची उठली नाई. मानलं तुमाले, वयनी." हाकेला येत नाही, शहरात राहून नखरेल झाली म्हणतो. थेंब देतो आहे, पण शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून पुंजण्याच्या आड बसून देतो.

जागेश्वरला सांगितलं. तो इतक्या दिवसांनी हसला. म्हणाला, तुझं खरं निघालं.

१३ नोव्हेंबर

ढोलीमागे झाडताना तिचे केस निघाले. फेकले, पण लगेच नाही.

१६ नोव्हेंबर

सकाळी सोमाजीचा फोन. आवाज ओळखू येत नव्हता. पुंजण्याभोवती बिबट्याचे पंजे उमटले होते. मचाणाच्या खालून गेलेले, आणि भुरीच्या अगदी जवळून, हातभर अंतरावरून. शेजारच्या शेतातली कुत्री रात्रभर बोंबलत होती, त्यांच्या आवाजानं तो उठला आणि टेंभा पेटवला, म्हणून दोघं वाचले. "हे झोपूनच होती, वयनी. येवढंही भेव नसावं कोनाले."

आम्ही तसेच निघालो. भुरी पुंजण्याला पाठ करून उन्हात बसली होती. मी तिच्या मागे उभी राहिले आणि सभेतल्या आवाजात हाक मारली. तिसऱ्या बांधीत धान कापणाऱ्या बाया विळे थांबवून वळल्या. भुरी वळली नाही. पुन्हा मारली. नाही.

पायरीखालच्या त्या बॉम्बानंतर तिनं आमच्यातल्या कोणाचाच आवाज ऐकलेला नाही.

मी समोर जाऊन खाली बसले. तिनं मला पाहिलं, शेपटी हलवली, आणि माझा तळहात हुंगून थेंबांसाठी जीभ पुढे केली.