माशांची साक्ष

३ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तू न जेवता पळालास त्याला आज आठवडा झाला. माझ्या डोळ्याची सूज उतरली, गालावरचे दोन डंख अजून ठणकतात. निघालास तेव्हा तुझं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं आणि खरं सांगते, मला हसू आवरत नव्हतं.

नंतर मात्र विचारात पडले. ह्यांनी या मधपेट्या ठेवल्या त्याला बारा वर्षं झाली. हे गेल्यापासून दोन वर्षं मी एकटी बघते. पोस्टमन, दूधवाला, मध न्यायला येणारे, सगळे अंगणातून जातात. कधी कोणाला माशी चावली नाही. आणि तू फाटक उघडतोस न उघडतोस तोच सगळ्या पेट्या उठतात! शेजारीण म्हणाली, माशांना माणूस कळतो. मी तिला नाही म्हटलं नाही. हे गेले तेव्हा तू आला नव्हतास, ते त्या विसरल्या नसतील.

घरात बोलायला आता त्याच आहेत. सुजेला बर्फ लाव.

आशीर्वाद आहेत, रागही आहे.
ताई

९ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. शेवटी आमच्या खाऊच्या गोळ्यांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेच्या बाईंना सगळं सांगितलं, कारण इथे माझं ऐकणारं दुसरं कोणी नाही. त्या आधी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, अहो, तुम्ही अकरा वर्षं केळ्याच्या गोळ्यांचा अर्क ढवळताय. पिकल्या केळ्याचा वास बराचसा एकाच रसायनाचा असतो, आणि माशी डंख मारते तेव्हा तिच्या नांगीपाशी नेमकं तेच रसायन सुटतं. शत्रू आलाय, धावून या, अशी ती बाकीच्या माशांना हाक असते.

माझा एकुलता एक बरा कोट रोज अर्काच्या पिंपाशेजारी टांगलेला असतो. तुझ्याकडे यायचं म्हणून मुद्दाम तोच घातला! मला स्वतःला तो वास येतच नाही, नाक मेलंय. बसमध्ये शेजारी बसणारे माझ्या पिशवीत केळी शोधतात.

तेव्हा ताई, दाजींच्या माशांनी मला दोषी ठरवलं नव्हतं. चूक कोटाची. हे कळलं आणि किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला. पुन्हा येऊ का?

उत्तराकडे डोळे लावून,
धाकटा

१५ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. त्या बाईंना माझा नमस्कार सांग. माशा बिचाऱ्या निर्दोष सुटल्या.

मी मात्र अडकले. जो भेटेल त्याला सांगत होते की माशांनीच तुला हाकललं, आणि सांगताना मला बरं वाटत होतं. राग माझा होता रे, मी तो त्यांच्या नावावर खपवत होते. हे गेले त्या दिवशी घर माणसांनी गच्च भरलं होतं आणि मी दाराकडे बघत होते. आईबाबांमागे माझं म्हणावं असं माणूस तू एकटाच. नंतर फोनवर कामाचं काहीतरी सांगितलंस.

त्याला कुठलं रसायन लावायचं? खरं कारण लिही. मग येण्याचं बघू.

वाट बघणारी,
ताई

२१ एप्रिल

ती. ताईस सा. न.

काम नव्हतं. निरोप मिळाला तसा मी निघालो आणि तुझ्या फाटकापर्यंत आलो होतो. आतून तुझं रडणं ऐकू आलं. आईबाबा गेले तेव्हा तू रडली नव्हतीस, मला जेवू घालत होतीस. तूच रडतेस म्हटल्यावर मला फाटक उघडवलं नाही. तसाच मागे फिरलो. एक दिवस गेला, महिना गेला, मग तोंड दाखवायची सोय उरली नाही. मी भित्रा आहे ताई, दुसरं कारण नाही.

रविवारी नवा सदरा घालून येतो. या खेपेला तू रडलीस तरी आत येईन.

तुझा,
धाकटा