केर्त्तूमावशीची पाकिटं

मंगळवार, १६ जानेवारी

सिनेमाच्या वर्गात चिठ्ठी उचलली आणि आमच्या वाट्याला नेमकी मयताची कॉफी आली!

सिनेमा साठ वर्षांपूर्वीचा, काळा-पांढरा. नवऱ्याला पुरून आलेली बाई चर्चच्या हॉलमध्ये कॉफीच्या टेबलाशी बसून रीतीप्रमाणे जमलेल्यांसमोर शोकपत्रं मोठ्यानं वाचते. दोन मिनिटं चौदा सेकंद. तो प्रसंग आम्ही तिघांनी जसाच्या तसा उभा करायचा. "एक शब्द इकडचा तिकडे झाला की गुण गेले," सर म्हणाले. ओयवा दिग्दर्शक, हिल्प्पा कॅमेऱ्यावर. माझ्याकडे सामान आणि एडिटिंग.

गेल्या मे महिन्यात मी अशाच टेबलाशी बसले होते, हे दोघांना सांगितलेलं नाही. आई गेल्यावर आलेली पत्रं मामानं वाचली. त्यातला एक शब्द आठवत असेल तर शपथ.

रविवार, २१ जानेवारी

अकरा शोकपत्रं लिहिली, अकरा वेगवेगळ्या अक्षरांत. एकासाठी आईचं अक्षर काढायला गेले – तिचं ते तिरकं, घाईचं. नाही जमलं. कागद फाडून टाकला.

आई कुणालाही पत्र पाठवलं की खाली माझंही नाव ठोकून द्यायची. मला न विचारता! किती भांडले असेन त्यावरून. "अगं, घरात आहोतच दोघी," म्हणायची.

बुधवार, २४ जानेवारी

विधवेच्या कामाला केर्त्तूमावशी तयार झाली. तिचा नवरा ताउनो पोस्टात आईबरोबर होता. करोनाच्या पहिल्या एप्रिलमध्ये गेला. "पुरायला सहा जण," मावशी म्हणाली, "आणि तिथूनच ज्याचा तो घरी. कॉफी झालीच नाही."

मी म्हटलं, जड जाणार असेल तर राहू दे.

"गप गं. कधी यायचं ते सांग."

शनिवार, २७ जानेवारी

शूटिंग! उणे अठरा. गावातली पंचवीस माणसं स्वतःहून काळे कपडे घालून आली, सँडविच-केक आणि वेलचीचे पाव घेऊन. ऐन वेळी अंगणात बर्फ काढणारा ट्रॅक्टर घरघरायला लागला, म्हणून मला बाहेर पिटाळलं. ट्रॅक्टरवाल्याला धरून उभी राहिले. दोन मिनिटांचं काम – वीस मिनिटं झाली तरी कुणी हाक मारेना.

आत गेले तर सगळा हॉल मान खाली घालून उभा! ओयवाचा चेहरा पांढराफटक.

मावशीनं माझी अकरा पत्रं बाजूला सारली होती. पर्समधून रबर लावलेला गठ्ठा काढला होता – ताउनो गेल्यावर आलेली शोकपत्रं, पाकिटंसुद्धा न फोडलेली. चार वर्षांची!

"माणसं जमल्यावर वाचायची असतात," ती ओयवाला शांतपणे म्हणाली होती, हे हिल्प्पानं मागाहून सांगितलं. "माणसंच जमली नाहीत, तर फोडायची कशाला?"

मी आत येईपर्यंत एकेक फोडून सगळी वाचूनही झाली होती. एकोणीस मिनिटं. हिल्प्पानं कॅमेरा बंद केला नव्हता. मग ओयवानं घसा खाकरून विचारलं, "मावशी, आता आमची वाचाल का?" तीही वाचली, एक शब्द न चुकता. नंतर केक संपेपर्यंत कुणाला उठू दिलं नाही.

निघताना माझा हात धरून म्हणाली, "पहिलं शूटिंग ठेवा. म्हणजे ताउनोची कॉफी झाली, असं राहील कुठेतरी. आणि नीट ऐक हं पोरी, मन लावून."

मी मान हलवली.

सोमवार, २९ जानेवारी

कडाक्याचं भांडण. हिल्प्पा म्हणते पहिलंच द्यायचं, कापून दोन मिनिटांचं करून. "खरं म्हणून एवढंच मिळालंय आपल्याला!" ओयवा म्हणतो, "नक्कल करायला सांगितलीय, नक्कल. नापास झालो तर वर्ष गेलं. मावशी भरणार आहे का ते?"

शेवटी सगळं माझ्या मतावर आलं. मी म्हटलं, दुसरं.

गुणांचं कारण दिलं. खोटं! एकोणीस मिनिटं शोकपत्रं ऐकायची माझ्यात ताकद नाही. मावशीला मान हलवून आले होते. लाज वाटते.

हिल्प्पा बोलत नाही.

मंगळवार, ३० जानेवारी

एडिटिंग संपलं. दोन मिनिटं चौदा सेकंद. हुबेहूब आणि बेचव. शुक्रवारी द्यायचं.

गुरुवार, १ फेब्रुवारी

मावशीला निदान तिची एकोणीस मिनिटं नेऊन द्यावीत, म्हणून कॉपी करायला बसले. आवाज नीट आलाय का तेवढं बघायचं होतं. मधेच कुठेतरी लावलं. नववं पाकीट.

मावशी वाचतेय –

"केर्त्तू, आत्ता येऊ देत नाहीत. पण कधीतरी माणसं जमतील, तेव्हा हे मोठ्यानं वाच. नवीन होते तेव्हा माझ्या चुकलेल्या टपालपिशव्या ताउनो गुपचूप परत लावायचा. साहेबाला कधी कळू दिलं नाही. एवढं सगळ्यांना कळू दे. – राईली आणि साइमी."

माझं नाव. मला न विचारता.

कागद खाली ठेवून मावशी दाराकडे बघते, बराच वेळ. मी बाहेर ट्रॅक्टर अडवून उभी होते.

ओयवाला फोन केला. माझं मत बदललंय.