ठेंगा नव्हे, ‘वर चला’

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घालणार होते, पण गुडघा ठणकतो आहे, म्हणून उभ्या उभ्याच हात जोडले. गोड मानून घ्या.) तुमचा रक्तदाब ताळ्यावर असेल अशी आशा करते. नसला तरी या पत्राने वाढवून घेऊ नका. ज्याच्यामुळे तो वाढायला हवा तो इसम आठवडाभर तुमच्याच सोफ्यावर पडून आहे आणि चांगला धडधाकट आहे. त्याने आपली बाजू तुम्हाला सांगितलीच असणार. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, गोष्ट वर-खाली करून सांगण्यात पटाईत. आता माझी ऐका. जे झालं त्याचं मला वाईट वाटतं, हे आधीच लिहून टाकते, कारण लिहिता लिहिता राग आला तर राहून जाईल.

मुळात पाण्याखाली जायची हौस आम्हा दोघांपैकी कुणालाच नव्हती. तुम्हाला ठाऊक आहे, मी जलतरण तलावाच्या तिकीट खिडकीत बसते. तलाव भाड्याने घेऊन डायव्हिंग शिकवणारे एक मास्तर आले आणि त्यांनी कर्मचाऱ्यांना जोडीने शिकवणी मोफत ठेवली. फुकट ते पौष्टिक, म्हणून आम्ही गेलो. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी आणि हवा किती उरली ते दाखवणारा काटा, एवढा संसार घेऊन उतरायचं असतं. पाण्यातल्या सोबत्याला मास्तर ‘जोडीदार’ म्हणतात. (आमची जोडी आधीच लागलेली असल्यामुळे निवडीला वाव नव्हता.) त्यांचा सगळा जोर एकाच गोष्टीवर: खाली हवा संपली तर काय करायचं. पहिलं म्हणजे संपू द्यायची नाही, काटा बघत राहायचं. तरी संपलीच तर जोडीदाराकडे जायचं. प्रत्येकाच्या छातीवर एक जादा नळी अडकवलेली असते, पिवळीधम्मक, ती खास दुसऱ्यासाठी. ती चालेनाशी झाली तर एकाच नळीतून आळीपाळीने दोन-दोन श्वास. (याच्या सरावात यांनी दोनाचे पाच घेतले, आणि मी मोजते आहे हे दिसल्यावर डोळे मिटले.) काही लोक छोटी जादा टाकी जवळ बाळगतात, पण ती विकत घ्यावी लागते, तेव्हा आमच्यापुरता तो प्रश्न मिटला. आणि जवळ कुणीच नसेल तर सरळ वर निघायचं, मात्र श्वास रोखायचा नाही. वर जाताना छातीतली हवा फुगत जाते, म्हणून तोंडाने सारखं ‘आ…’ करत ती सोडायची. अगदीच वर सरकता येईना तर कमरेचा शिशाचा पट्टा सोडून द्यायचा. यांना हे सगळं तोंडपाठ. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून ‘घाबरू नका, आत भरपूर हवा आहे’ असं ओरडून सांगण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हवेचं कुणी काय शिकवावं!

तर समुद्रात जायचा दिवस आला. बोटीवर मी यांना म्हटलं, काटा मधूनमधून बघत जा. (चूक माझी इतकीच, की तिसऱ्यांदा म्हटलं.) त्यावर हे चारचौघांत म्हणाले, ‘तू आपली तिकिटं फाड.’ वन्सं, लोक हसले. मीही हसले, आणि मग यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. पण पाण्यात उतरल्यावर कुणालाच बोलता येत नाही, त्यामुळे माझा अबोला अगदीच वाया गेला. मी यांना पाण्यात पाहते हा तुमच्या बंधूंचा जुना आरोप. त्या दिवशी तो अक्षरशः खरा ठरला.

तीन मजले खाली (खोलीसुद्धा हे मजल्यांत मोजतात) एक बुडालेली होडी होती आणि तिच्यावर एक गंजलेली कप्पी. झालं! मासे राहिले बाजूला, हे कप्पीला भिडले. फिरते का बघ, ओढून बघ, ढकलून बघ. रागावलेला माणूस आधीच हवा जास्त खातो, त्यात ही हमाली. मास्तर दुसऱ्या जोडीला घेऊन पुढे गेलेले. मी जरा लांबच होते, म्हणजे रुसल्यावर माणूस जितकं लांब जातं तितकी. अचानक हे माझ्याकडे वळले आणि पंजा आडवा करून गळ्यावरून फिरवला. हवा संपल्याची ही खूण. मी ताबडतोब अंगठा वर केला. अंगठा म्हणजे ‘वर चला’. पुस्तकात चित्र आहे, हवं तर पाठवते. यांनी अर्थ काढला ठेंगा! नवरा श्वास मागतो आहे आणि बायको ठेंगा दाखवते आहे! माझ्याकडे पाठ करून निघाले तरातरा वर.

यातलं चांगलं तेवढं सांगते. घाबरलेला माणूस श्वास रोखून धरतो, आणि तसाच वर गेला तर फुप्फुसं फाटून जिवावर बेतू शकतं. हे मात्र मला शिव्या घालत वर गेले. तळापासून थेट वरपर्यंत, न थांबता. आणि शिव्या देताना श्वास रोखता येत नाही, वन्सं. छातीतली हवा आपोआप सुटत राहिली. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, कुठे काही झालेलं नाही. मास्तरांनी तर पाठ थोपटली, इतका लांबलचक ‘आ’ आजवर कुणी केला नव्हता म्हणाले. म्हणजे हे माझ्यामुळेच वाचले असं म्हणायला जागा आहे, पण मी ते म्हणत नाही. मी मागून सावकाश आले, वाटेत थोडं थांबून, कारण तसा नियम आहे. वर काय वाढून ठेवलंय ते माहीत नसताना तिथे नुसतं लटकत राहणं काय असतं, ते माझं मला ठाऊक. यांनी बोटीवरून पाहिलं ते एवढंच, की नवरा जगला की गेला याची हिला घाई नाही. दुसरा आरोप तिथेच दाखल झाला. संध्याकाळी यांनी बॅग भरली आणि हे तुमच्याकडे आले.

तेव्हा वन्सं, तुम्ही वडीलधाऱ्या. अंगठ्यात आणि ठेंग्यात फरक असतो, एवढं त्यांच्या डोक्यात घाला. मुलांना आशीर्वाद. बाकी सर्व ठीक, म्हणजे ठीक नाही, पण पत्रात असंच लिहितात.

तुमची,
भावजय

ता. क. — यांचा वाचायचा चष्मा इथेच राहिला आहे. पाठवला असता, पण वाटेत फुटेल. येऊन न्यावा हे बरं. येऊन राहावं हे त्याहून बरं.

ता. क. २ — वरचं पत्र त्यांना वाचून दाखवा, इथून पुढचं नको. तो ठेंगाच होता. जेवताना मी बोलायला लागले की हे अस्साच पंजा गळ्यावरून फिरवतात, ‘पुरे कर’ म्हणून. मला वाटलं, तेच. इथे तर मी तोंडही उघडलेलं नाही, तरी पुरे? म्हणून दाखवला ठेंगा. मग काचेआड त्यांचे डोळे दिसले. मी पिवळी नळी उपसून पुढे धरली तोवर ते वळले होते. मी ती तशीच धरून राहिले. तिच्यातून बुडबुडे सुटत होते आणि घ्यायला कुणी नव्हतं. राग होता, वन्सं, पण इतका नव्हता.

ता. क. ३ — नको, तेही वाचून दाखवा. आणि त्यांना एक विचारा. ती नळी मागायची नसतेच, सरळ ओढून घ्यायची असते, म्हणून तर ती लांबून दिसेल अशी पिवळी. घरात माझा टॉवेल, माझी छत्री, पर्समधली चिल्लर, माझ्या ताटातला शेवटचा घास, यातलं काय त्यांनी कधी विचारून घेतलं? सगळ्या संसारात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. मागताना त्यांना मी कधी पाहिलंच नव्हतं, तर मला ओळखू कसं येणार? त्यांना म्हणावं, इथून पुढे विचारू नका. घ्या.