एकशे वीस लिटरची टाकी

सोमवार, दुपार

प्रिय दादा,

तुझा निरोप पोचला. रविवारी सकाळी दहाला तू गाडी घेऊन येणार, आईची खोली तयार आहे, वहिनीने खिडकीला नवे पडदे लावलेत. फोनच करणार होते, पण फोनवर तू मधे मधे ‘हं, हं’ करतोस आणि माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसले. आधीच सांगते, मी वैतागलेली आहे. गेले तीन महिने वैतागलेलीच आहे. चहा जवळ ठेवून वाच.

त्या बेकरीच्या जुन्या ट्रकमध्ये आम्ही घर थाटतोय, हे तुला माहीत आहेच. हे बस डेपोतून निवृत्त झाले, मीही किचन बसवायची कामं घेणं थांबवलं. अकरा महिने दोघांनीच फिरायचं, ट्रकमध्येच राहायचं, आई तेवढे दिवस तुझ्याकडे. हे तुझं-माझं ठरलं, आणि आईला मी सांगायचं असंही ठरलं. ते मी अजून सांगितलेलं नाही. हो, रविवारवर आलंय तरीही. आता लगेच कपाळाला हात लावू नकोस, पुढे वाच.

माझा पराक्रम तर ऐक. सव्वीस वर्षं मी लोकांच्या स्वयंपाकघरात कपाटं बसवली, एकाही दाराची तक्रार आली नाही. त्याच रुबाबात ट्रकमधले खण, फळ्या, पाण्याच्या टाकीची बैठक, सगळं लेव्हल लावून बसवलं. लेव्हल म्हणजे मधे बुडबुडा असलेली ती पट्टी. बुडबुडा मधोमध आला की मी खूश. दीड महिना बुडबुडा मधोमध होता आणि दीड महिना ट्रक आपल्या अंगणात उभा होता. आपलं अंगण फाटकाकडे उतरतं, दादा! तुझी सायकल तिथे कधी धड उभी राहिली नाही. घर जागचं हलत नाही म्हणून घरात लेव्हल चालते. ट्रक हलतो, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही. पहिल्यांदा सपाट रस्त्यावर काढला तेव्हा सगळे खण आपोआप उघडले, ताटल्या मागच्या दाराशी गोळा झाल्या, आणि टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलं ते काही केल्या नळापर्यंत येईना.

हे पंप खोलून बसले, मी पाइप तपासत बसले, आणि चूक सापडली कोणाला, तर आईला. ती पायरीवर उभी राहून नुसती आत बघत होती. म्हणाली, “अगं, कपाटाखाली या टोकाला दोन बोटं फट आहे आणि त्या टोकाला चार. अशी वाकडी दुमड असलेला गणवेश मी एकाही पोराच्या अंगावर चढू दिला नसता.” चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवलेल्या बाईची नजर ती. ती खरं बोलली याचाच मला जास्त राग आला. तिला म्हटलं, तू घरात जाऊन बस. मग सगळं उपसून ट्रकच्या तळापासून मोजत पुन्हा बसवलं, त्यात वीस दिवस गेले.

तुझे मेव्हणे काही कमी नाहीत. पाण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं, कारण इंजिन उतरवणाऱ्याला नळ म्हणजे काय मोठंसं! बसचे बोल्ट आवळायचा हात तो, प्लास्टिकच्या जोडाला दया दाखवेल कशाला? एक जोड तडकला, दुसरा तडकला, तिसऱ्याच्या वेळी मी हातातून पाना काढून घेतला तर दोन दिवस अबोला. शेवटी गेल्या मंगळवारी नळ उघडला आणि पाणी आलं. आम्ही दोघं एका बादलीकडे बघत वेड्यासारखे हसलो. एकशे वीस लिटरची टाकी, एक थेंब गळत नाही. सांगायला हरकत नाही, मला माझा फार अभिमान वाटला.

आता जे सांगायला जीभ रेटत नव्हती, ते. खिडकीजवळचा लहान खण पक्का झाला त्याच दिवशी आईने त्यात तिचा चष्मा, गुडघ्याचं मलम आणि सुई-दोऱ्याचा डबा ठेवला. मी ते उचलून तिच्या खोलीत नेलं. सकाळी बघते तर पुन्हा खणात. मी पुन्हा नेलं. असं आमचं नऊ-दहा दिवस चाललं आणि दोघींनीही तोंडातून शब्द काढला नाही. तुला कधी कळलं असेल का, की ती काही तरी मागते तेव्हा मागत नाही, नुसती ठेवून जाते? मला कळत होतं. कळत नाही असं दाखवत होते. मनात म्हणत होते, एकदा तरी आम्ही दोघंच कुठे जाऊ नये का? लग्नानंतर घरात आम्ही दोघंच असे किती दिवस होतो, सांग. आणि हे म्हणणं चुकीचं आहे असं मला अजूनही वाटत नाही.

काल दुपारी मी बाहेर फळी घासत होते. आई उशी घेऊन ट्रकमध्ये चढली. खिडकीखाली सामानाचा बाक केलाय, चार फुटांचा, त्याच्या पुढे टाकीची पेटी. आईने आधी टेपने बाक मोजला. मग भिंतीला पाठ टेकून उभी राहिली, डोक्यावर पट्टी आडवी धरली, पेन्सिलने खूण केली आणि स्वतःला मोजलं. मग बाकावर आडवी झाली. पाय पेटीला अडले. तिने ते पोटाशी घेतले, थोडी हलली, पुन्हा बघितलं. मी दारात उभी आहे हे दिसल्यावर म्हणाली, “चालेल गं. मी तशीही पाय दुमडूनच झोपते.” दादा, लोकांच्या पोरांना वाढत्या अंगाचं म्हणून दोन बोटं जास्त ठेवणारी ही बाई, स्वतःला फूटभर कमी करून घेत होती. त्या वेळी तिला तुझ्याकडच्या खोलीचं सांगायला हवं होतं. मला नाही सांगता आलं. फळीमागे जाऊन रडले, आणि रडतानाही चिडलेलीच होते.

आज सकाळी टाकी काढायला घेतली. हे आले, काय करतेस म्हणाले. मी सांगितलं. आत जाऊन पाना घेऊन आले. टाकीच्या जागी बाक पाच फुटांच्या पुढे जातोय. पाण्यासाठी वीस लिटरचे दोन कॅन आणि हातपंप बसेल, रोज भरावं लागेल, भरू. ती माझ्या प्रत्येक खणाला नावं ठेवेल आणि मी अकरा महिने वैतागेन, हेही मला माहीत आहे. वहिनीची मनापासून माफी मागते, तिने फार प्रेमाने केलं असणार. रविवारी मात्र गाडी घेऊन नक्की ये. आईला नाही, टाकी न्यायला. मागच्या सीटवर नीट मावेल, तुझ्या गच्चीवर उपयोगी पडेल. आणि आईसमोर त्या खोलीचं, पडद्यांचं नाव काढू नकोस. तिला सांगायचं राहून गेलं होतं ना, ते आता राहूच दे.

तुझीच,
वैतागलेली धाकटी