आडवाटेचं रक्त

प्रिय अनय,

फोनवर तू 'बरा आहे' म्हणतोस आणि मीटिंगमध्ये शिरतोस, म्हणून लिहिते आहे. पत्र मध्येच कापता येत नाही.

तुझ्या बाबांच्या आजाराबद्दल मी तुला कधी नीट सांगितलं नाही. पहिल्यांदा पोट दाबून पाहिल्यावर इथल्या डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसवलं आणि मला तमिळमध्ये बरंच काही सांगितलं. त्यातलं 'कल्लीरल' तेवढं मी पकडलं. 'कल्लु' म्हणजे दगड, एवढं मला येत होतं. मला वाटलं, मुतखडा. खडा विरघळावा म्हणून चार महिने मी त्यांना केळीच्या गाभ्याचा रस पाजला. ते निमूट प्यायले. मग एकदा शेजारच्या श्रीदेवी मामींनी विचारलं, रोज गाभा कशाला आणतेस? मी सांगितलं, तशा त्या हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाल्या, अय्यो अर्चना, कल्लीरल म्हणजे लिव्हर.

बाबा गेल्यावर मी मांबलम स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून नर्सिंगचं पुस्तक आणलं, शब्दकोश घेऊन वाचलं. पोट, आतडी, प्लीहा यांचं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. एका जाड शिरेतून ते आधी यकृतात जातं. अन्नातलं घ्यायचं ते यकृत घेतं, विष निवडतं, मग पुढे सोडतं. यकृत कडक झालं की मागे रक्त तुंबतं आणि आडवाटा शोधतं. अन्ननलिकेतल्या बारीक शिरा फुगतात. बाबांची तशीच एक फुटली, दुपारी, ताक पिताना. तू बारावीच्या क्लासला होतास. तू यायच्या आत श्रीदेवी मामींनी येऊन आपली फरशी पुसून ठेवली होती.

बाबा कधी दारू प्यायले नाहीत. म्हणून हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हे घराण्यात असू शकतं, मुलाला तपासून घ्या. तुझी परीक्षा तोंडावर होती. मग कॉलेज, मग नोकरी. खरं सांगते, कागदावर काय येईल याची मला भीती वाटायची. अकरा वर्षं मी गप्प बसले.

परवा दिवाळीला तेल लावताना तुझ्या बेंबीभोवती निळ्या शिरा दिसल्या, वर छातीकडे निघालेल्या. बाबांच्या पोटावर त्या मी रोज पाहायची, तेव्हा त्या कुठून येतात ते ठाऊक नव्हतं. तू गुदगुल्या होतात म्हणून हसत होतास. मी हात थांबवला नाही. थांबवला असता तर तू विचारलं असतंस. गुरुवारी सकाळी नऊची हॉस्पिटलातली वेळ घेतली आहे. रजा टाक, उपाशी ये. माझ्यावर चिडायचं ते तिथल्या बाकावर बसून चीड. मी शेजारीच असेन.

तुझीच,
आई