शिराळ्याचा ट्रेलर, पलूसचा ट्रेलर

कोयनानगर
११ जानेवारी २०२४

तीर्थरूप दादांस,
वीरधवलचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र बघून हसाल. पण फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं, आणि मी पलटणीत होतो त्या सतरा वर्षांत पत्रांतून आपलं एकदाही भांडण झालं नाही. म्हणून म्हटलं, लिहावंच.

इकडे सगळे खुशाल. छोट्या पोकलेनला काम भरपूर आहे. डोंगरउतारावर जिथं मोठं मशीन वळत नाही, तिथल्या बांधांच्या ताली आणि शेततळ्यांना लोक मलाच बोलावतात. अडचण एकच. मशीन या कामावरून त्या कामावर न्यायला दुसऱ्याचा टेम्पो लागतो, आणि त्याला सवड होईल तेव्हा माझं काम सुरू. म्हणून पिकअपच्या मागं जोडायला एक जुना ट्रेलर घ्यायचं ठरवलं आहे.

अंकिताच्या भावानं, आप्पासोनं, शिराळ्यात एक हेरला आहे. त्याचं वेल्डिंगचं दुकान असल्यामुळं त्याला यातलं कळतं. तासभर ट्रेलरखाली पाठीवर पडून त्यानं स्प्रिंगचे पाटे, सांधे, टायर, चाकांचे ब्रेक असं सगळं तपासलं. मशीनचा भार चाकांच्या किंचित पुढं पडला पाहिजे, मागं पडला तर ट्रेलर रस्त्यावर झुलायला लागतो, हेही त्यानंच समजावलं. मला पसंत आहे. तुम्हाला कळावं म्हणून लिहितो.

वहिनींना नमस्कार. हुरड्याला यायचं मनात आहे. लोभ आहेच, तो हुरडा खाऊन वाढवू.

आपला,
वीरधवल


पलूस
१७ जानेवारी २०२४

चि. वीरधवल यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

'तुम्हाला कळावं म्हणून लिहितो' हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. विचारावं म्हणून नाही, कळावं म्हणून! ग्रामपंचायतीची नोटीससुद्धा याहून मायेनं लिहिलेली असते.

आबा गेल्यापासून या घरात जे आलं ते माझ्या नजरेखालून आलं. खिलार जोडी मी बघितली, ट्रॅक्टर मी बघितला. तुझ्यासाठी अंकिताला बघायलाही आधी मीच गेलो. त्या दिवशी हा आप्पासो चहाचे कप घेऊन आतबाहेर करत होता. आता तो माझ्या भावाला ट्रेलर निवडून देतो. पिकअप घेतलीस तेव्हा नारळही त्यानंच फोडला. मी पोहोचलो तोवर खोबरं वाटून झालं होतं, आणि माझ्या हातावर करवंटीजवळचा तुकडा आला. मला राग आलेला नाही, माझा जळफळाट झालेला आहे. भावाला लिहायला लाज कसली!

शिराळकरांना नागपंचमीमुळं नागाची पारख असेल, लोखंडाची कुठली? आपल्या बांधाला लागून लालासाहेबाचा ट्रेलर उभा आहे. जाड लोखंडी चॅनेल, चार टन ऊस सहज वाहील. दहा हंगाम ट्रॅक्टरमागं चालला आणि अजून त्याचा एक सांधा हललेला नाही. मी बघितला आणि लालासाहेबाला शब्दही देऊन आलो. तो दुसऱ्या कुणाला देणार नाही.

घरची रीत तुला सांगायला नको. थोरल्यानं बैलाचा जबडा उघडून दात बघितले, की धाकट्यानं पुन्हा उघडायचा नाही. आबांनी बघितल्यावर मी कधी उघडला नाही. पुढं तुझी मर्जी. तुला आता सल्लागार पुष्कळ झालेत.

हुरडा आहे. एकटा आलास तरी चालेल. थोरल्या भावाची आठवण अधूनमधून काढत जा, त्याला खर्च येत नाही.

तुझा,
नाथाजी


कोयनानगर
२४ जानेवारी २०२४

तीर्थरूप दादांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

शिराळ्याचा ट्रेलर नको म्हणून कळवलं. अंकिता दोन दिवस माझ्याशी फक्त भाकरी वाढण्यापुरतं बोलते आहे. आप्पासो मात्र काही वाईट बोलला नाही. थोरल्या भावानं शब्द दिलाय म्हटल्यावर विषयच मिटला, म्हणाला. त्यानं एवढंच चिठ्ठीवर लिहून दिलं, की पलूसच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का, ते विचारून घ्या. ट्रॅक्टर हळू चालतो, त्यामुळं त्याच्या मागच्या गाड्याला पुष्कळ जण ब्रेक लावतच नाहीत. सपाटीवर कळत नाही. घाट उतरताना पावणेदोन टनांचं मशीन आणि वर ट्रेलरचं वजन, दोन्ही मिळून पिकअपला ढकलतात.

तेवढी एक ओळ लिहून पाठवा. रविवारी, ४ फेब्रुवारीला, न्यायला येतो. तुम्ही बघितलंय म्हटल्यावर मी खाली वाकून पुन्हा बघणार नाही.

वहिनींना सांगा, तिळाचे लाडू शिल्लक ठेवा. तुमच्या रागातसुद्धा माझा वाटा असू द्या.

आपला,
वीरधवल


पलूस
२९ जानेवारी २०२४

चि. वीरधवल यास आशीर्वाद.

ब्रेक आहेत. मी स्वतः बघितलेत. ती चिठ्ठी आप्पासोला परत दे आणि माझा रामराम सांग. लाडू ठेवलेत. तू येणार म्हणून तुझी वहिनी कालपासून अंगण सारवते आहे, माझ्यासाठी कधी सारवलं नाही.

लोभ कुणाकडे किती, ते रविवारी समोरासमोर बघू.

नाथाजी


कोयनानगर
१९ फेब्रुवारी २०२४

ती. भाऊजींस,
अंकिताचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

मी पत्र लिहिते आहे हे यांना ठाऊक नाही. गाडी घसरली, थोडं लागलं, असं यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं. ते तसं नाही.

मंगळवारी घाटाखालच्या कामावर मशीन घेऊन निघाले होते. दुसऱ्या उतारावर ट्रेलर मागून रेटायला लागला. यांनी ब्रेक दाबला तर पिकअप आडवी व्हायला लागली. एका अंगाला दरी आणि समोरून एस. टी. येत होती. यांनी पिकअप डोंगराच्या बाजूला घातली. तिचं तोंड चेपलं, मशीन रस्त्यावर उलटलं. उजव्या हाताला प्लास्टर आहे. एस. टी. त बसलेल्या माणसांचा विचार आला की हातातलं काम थांबतं, भाऊजी.

गावात जो विचारेल त्याला हे सांगतात, की वेग माझाच जास्त होता. पलटणीत सतरा वर्षं गाड्या चालवलेला माणूस घाटात वेग घेईल, हे कुणाला पटत नाही. तरी तेच सांगतात.

तिथं सगळ्यांत आधी माझा भाऊ पोहोचला. त्यानं ट्रेलरखाली जाऊन बघितलं, हात पुसले आणि यांना दवाखान्यात नेलं. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्या ट्रेलरला ब्रेक नव्हते. कधीच नव्हते, बसवायची जागासुद्धा नाही. तुम्हाला कळव म्हटलं तर म्हणाला, की ते दोगं भाऊ हायत, त्येंच्या मधी मी पडणार न्हाई.

म्हणून मी पडते. एकच विचारते. तुम्ही बघितलं होतं का? मला उत्तर नाही दिलंत तरी चालेल, यांना द्या.

वहिनींना नमस्कार. राग असला तरी माया आटलेली नाही, हे समजून घ्यावं.

आपली,
अंकिता


पलूस
२३ फेब्रुवारी २०२४

चि. वीरधवल यास आशीर्वाद, वि. वि.

नाही बघितलं.

खाली उसाचं पाचट साचलं होतं, गुडघे दुखतात, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. खरं ते आज लिहितो. तुझी ब्रेकची ओळ आली त्या दिवशी मी ट्रेलरपाशी गेलो होतो. चाकाला हात लावून उभा राहिलो. वाकलो असतो आणि ब्रेक नसते, तर आप्पासोचं खरं ठरलं, असं मला लिहावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी वाकलो नाही. घरी येऊन ती ओळ लिहिली. लालासाहेबाचा यात दोष नाही. मी त्याला विचारलंच नाही.

आणखी एक लिहितो, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. अंकिताच्या पत्रात आप्पासो तुझ्यापाशी आधी पोहोचला असं वाचलं, तेव्हा तुझ्या हाताच्या आधी मला त्याचंच लागलं. दरीच्या काठावरून परत आलेला भाऊ, आणि मी मोजतोय की पहिला कोण पोहोचला! तुझ्या वहिनीला हे सांगितलं. तिनं त्या रात्री मला जेवण वाढलं नाही. बरोबर केलं.

वेग जास्त होता असं यापुढं कुणाला सांगायचं नाही. मी काल चावडीपाशी चारचौघांत, लालासाहेबासमोर, माझी चूक सांगितली. पिकअप दुरुस्त होईपर्यंत माझा ट्रॅक्टर तुझ्याकडे राहील.

शिराळ्याचा ट्रेलर अजून विकलेला नाही. आज सकाळी मी आप्पासोला फोन केला. सोयरीक झाल्यापासूनच्या चौदा वर्षांत आपणहून पहिल्यांदा. त्याला म्हटलं, की ट्रेलर तुम्हीच निवडा, मी नुसता शेजारी उभा राहतो. मला वाटलं, फोन ठेवतो आता. मग म्हणाला, की आवं भाऊ, हुबं राहून काय दिसतंय, जुनी कापडं घालून या, दोगंबी खाली झोपून बघू.

रविवारी जातो आहे. हात बरा होईपर्यंत तू लिहू नकोस. माझ्यावर लोभ उरला असेल तर अंकिताकडून एक ओळ लिहवून पाठव, आणि उरला नसेल तरीही पाठव.

तुझा,
नाथाजी