आईच्या तळव्यावर बत्तासा

रविवार, संध्याकाळ. मिरा रोड, २००६

आईने हात मागे घेतला नाही! आधी हेच लिहितेय.

माझा आणि वर्गातल्या मेहुलचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, यंत्राचा हात, आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर असतो. इंटरनेटवरून तो चालवतो मेहुल, भाईंदर पश्चिमेच्या त्याच्या घरून. नेट कधीही अडकतं, हुकूम उशिरा पोचतात आणि हात एकदम झेपावतो. मागच्या आठवड्यात आईच्या मनगटावरच आपटला. तेव्हापासून ती टेबलाजवळ फिरकत नव्हती. आजारी माणसांना दुरून मदत करायला बनवलेला हात असा झेपावला तर त्यांच्या उपयोगी कसा पडणार? हेच मला खात होतं.

आज नवा प्रोग्राम घातला. हुकूम उशिरा आला तर हाताने घाई न करता हळू व्हायचं. हातासमोर एक बत्तासा ठेवला आणि मेहुलला फोन लावला.

"बोल, उठाऊं क्या?"

तेवढ्यात आईनेच तळवा पुढे केला. "बघू तुझं यंत्र."

नेट दोनदा अडकलं. दोन्ही वेळा हात थबकला, मग सावकाश खाली आला आणि त्याने तिच्या तळव्यावर बत्तासा ठेवला. चुरासुद्धा नाही झाला! आणि तिने खरंच हात मागे घेतला नाही.

"अगं बाई!" म्हणत तिने माझ्याकडून फोनच घेतला. "मेहुल बेटा, हाथ तो पहुँच गया. अब तू भी आ जा, खाना खा ले."

तो रिक्षाने निघालाय. टेबल रिकामं करून ताटं मांडायचीयत.